बापाला घेऊन ये

"उद्या बापाला घेऊन ये. तोवर वर्गात बसायचं नाही."

हे वाक्य मी तीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा बोललो असेन, याचा हिशेब नाही. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. बी.एड.ला बालमानसशास्त्र होतं, पाठटाचणं होती, फळ्यावरच्या अक्षराचे गुण होते. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं. माझ्या शिक्षकांच्या तोंडून मी ते ऐकलं होतं, आणि शाळेच्या व्हरांड्यात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा ते आपसूक माझ्या तोंडी आलं.

आमची आष्टी परतूर तालुक्यातली. आष्टी म्हटलं की परगावचा माणूस विचारतो, बीडची की वर्ध्याची? बीडची आष्टी तालुक्याचं गाव, वर्ध्याची बेचाळीसच्या हुतात्म्यांची. आमची जालना जिल्ह्यातली, कापूस, तूर, सोयाबीन आणि उसाच्या पट्ट्यातली. गाव मोठं आहे, बाजार भरतो, पोलीस ठाणं आहे. भोवतीच्या वाड्या-तांड्यांची पोरं आठवीपासून पुढं शिकायला या भागातल्या माध्यमिक शाळांत येतात. अशाच एका शाळेत मी १९९४ च्या जूनमध्ये विज्ञान शिक्षक म्हणून लागलो. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. सोळा वर्षांची ती लढाई गावागावात ताजी होती, आणि वर्गातल्या पोरांची आडनावं वाचताना आपण काय वाचतोय हे सगळ्यांना कळत होतं. मलाही. माझं आडनाव गावातल्या मोठ्या घरांपैकी एकाचं. त्यामुळं माझ्याकडं कुणी कधी त्या नजरेनं पाहिलं नाही, आणि ती नजर कशी असते हे शिकायला मला फार वर्षं लागली.

पाच-सहा वर्षांनी माझ्याकडं शिस्तीचं काम आलं. आवाज मोठा होता, एवढंच कारण असावं. दोनशे पानी वही मिळाली. त्यात रकाने आखले: तारीख, नाव, इयत्ता, गैरवर्तन, केलेली कारवाई. वही भरली की दुसरी. अशा सात-आठ वह्या मी भरल्या.

२००३ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर दोन पोरांत मारामारी झाली. एकाचा ओठ फुटला, दुसऱ्याचा शर्ट फाटला. मी दोघांनाही कॉलरला धरून ऑफिससमोर आणलं आणि दोघांनाही तेच वाक्य सांगितलं. दोघांना सारखीच शिक्षा, म्हणजे न्याय झाला, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं होतं.

पहिल्या पोराच्या बापाचं बाजारात दुकान होतं. कुणीतरी जाऊन सांगितलं असेल, अर्ध्या तासात बाप मोटारसायकलवर आला. स्टाफरूममध्ये बसला, आमच्याबरोबर चहा घेतला, पोराला आमच्यादेखत दोन शब्द सुनावले आणि म्हणाला, "सर, पोरगं तुमचंच हाय, चुकलं तर हाणा." पुढच्या तासाला पोरगा वर्गात होता.

दुसरा पोरगा तांड्यावरचा. त्याचे आईबाप दिवाळीची पणती विझायच्या आत कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. ज्यांच्या घरी हे होत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने फडावर काढावे लागतात. गुढीपाडव्याच्या आसपास पट्टा पडतो, मग टोळ्या परततात. तांड्यावर मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेली काही पोरं. हा आजीजवळ राहिला होता. आजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. "बाप कुठंय?" "फडावर हाय, सर." "मग येईल तेव्हा ये." मी खोटं सांगत नाही, हे उत्तर देताना माझ्या मनात काहीही आलं नाही. नियम होता. तो गेला नाही, कुंपणाजवळच्या लिंबाखाली दप्तर घेऊन बसला. घंटा झाली की उठायचा, पुढच्या घंटेला बसायचा. आठ-दहा दिवस त्यानं असे काढले. विज्ञानाच्या तासाला खिडकीतून मला तो दिसायचा, आणि मला वाटायचं, बरं आहे, शरमेनं तरी सुधारेल. मग एक दिवस लिंबाखाली कुणी नव्हतं. त्याचं न येणं माझ्या लक्षातही आलं नाही. डिसेंबरअखेर हजेरीची टक्केवारी काढताना वर्गशिक्षक म्हणाले, "हा तुमच्या वहीतला ना?" तेव्हा आठवलं.

नाव मात्र आम्ही काढलं नाही. हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. शाळेला पट लागतो. पटावर पोरं किती, यावर संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरतात. पट घसरला की कुणीतरी अतिरिक्त ठरतो. म्हणून आमच्याकडं पोराला शाळेतून काढण्याचा कागद सहसा होत नाही. पोरगा पटावर असतो, वर्गात नसतो. मार्चमध्ये तो नववीत नापास दाखवला गेला. निकाल घ्यायला एप्रिलमध्ये बाप आला, फडावरून नुकताच परतलेला, हाताला ऊस कापल्याचे चिरे. त्याला कुणीतरी समजावलं की पोरगं मोठं झालंय, दाखला न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येईल. तो समजावणारा मी नव्हतो, पण मी शेजारच्या खुर्चीवर बसलेलो होतो. अर्जावर लिहिलं गेलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. बापानं अंगठा दिला. दाखल्यावर वर्तणुकीसमोर 'समाधानकारक' असं आलं, कारण तिथं तेच लिहायची पद्धत आहे.

सतरा नंबरचा फॉर्म हा मूळ चांगल्या हेतूचा आहे. शाळा सुटलेल्या बाईला, कामकरी पोराला दहावी देता यावी म्हणून तो आहे, आणि त्यावर पास झालेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत. पण दहावीचा निकाल नव्वद-पंच्याण्णवच्या वर दाखवायचा तर नववीत गाळणी लावावी लागते, हेही प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. त्या गाळणीत खाली कोण पडतं, हे मी फार उशिरा बघितलं.

२०२० च्या उन्हाळ्यात शाळा बंद होती. आम्ही आळीपाळीनं जाऊन कपाटं आवरत होतो. जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत काढताना माझ्या वह्या सापडल्या. व्हरांड्यात सतरंजी टाकून मी त्या चाळायला बसलो आणि संध्याकाळ झाली तरी उठलो नाही.

पहिल्यांदा काही दिसलं नाही. आमच्याकडं आडनावांनी दरवेळी उमगतंच असं नाही. पवार, चव्हाण, जाधव ही आडनावं मोठ्या वाड्यातही आहेत आणि तांड्यावरही. मग मी जनरल रजिस्टर काढलं, नाव लावून पत्ता बघत गेलो. गाव, तांडा, वस्ती, पाल. पत्ता कळला की वही निराळी दिसायला लागली.

गावातल्या पोरांपुढं गैरवर्तन म्हणून ज्या गोष्टी होत्या, त्या डोळ्यांनी दाखवता येतील अशा होत्या. खिडकीची काच फोडली. पुडी सापडली. पेपरात चिठ्ठी. भिंतीवर नाव लिहिलं. आणि तांड्यावरच्या, वस्तीवरच्या, पालावरच्या पोरांपुढं माझ्याच अक्षरात होतं: उद्धट उत्तर. मोठ्याने बोलणे. टक लावून पाहणे. बोलावल्यावर सावकाश येणे. माज. एका पानावर नुसतं 'हसला' एवढंच. कुणावर हसला, का हसला, काही नाही.

कारवाईच्या रकान्यातही तसंच. काच फोडणाऱ्यापुढं 'समज दिली', 'काच भरून घेतली'. हसणाऱ्यापुढं 'पालक येईपर्यंत वर्गाबाहेर'.

मला आठवलं, त्यातल्या एका 'उद्धट उत्तरा'चा पोरगा मला 'तू' म्हणाला होता. "सर, तू सांगितलं होतं ना." सगळा वर्ग हसला आणि मी संतापलो. त्याच्या घरात गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा. आईला तो याडी म्हणणार, तिच्याशी बोलण्याची त्याची रीत त्याच्या भाषेची. मराठीतलं 'तुम्ही' अजून त्याच्या जिभेवर रुळलं नव्हतं. मराठी शिकवायचं काम शाळेचं होतं, आणि शाळेनं न शिकवलेल्या व्याकरणाची शिक्षा शाळेनंच दिली होती. ही गोष्ट मला सतरा-अठरा वर्षांनी, रिकाम्या व्हरांड्यात बसून कळली.

त्या वह्यांत एक प्रसंग लिहिलेला नव्हता. तो मी लिहिला नव्हता म्हणूनच मला जास्त आठवतो. प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक सापडेना. सातआठ वर्गांची पोरं त्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन गेली होती. पण गावाबाहेरच्या पालावरून येणारा एकच पारध्याचा पोरगा शाळेत होता, आणि कुणी न बोलता सगळ्यांची मान त्याच्याकडं वळली. पोरांची, माझीही. त्याचं दप्तर मी स्वतः टेबलावर पालथं केलं. दोन वह्या, एक फुटकी पट्टी, फडक्यात भाकरी आणि लाल चटणी. त्यानं स्वतःहून खिसे उलटे केले, मी सांगितलं नव्हतं. त्याला ते आधीपासून येत होतं. चुंबक दोन दिवसांनी लोखंडाच्या किसाच्या डब्यात सापडला, मीच प्रयोगानंतर त्यात ठेवला होता. मी त्या पोराला काही बोललो नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे विद्यार्थ्याची माफी मागायची असते, हेच मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर तो प्रयोगशाळेच्या दारातच उभा राहायचा. पुढच्या वर्षी आलाच नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पारधीही त्यांतलेच. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. ही तारीख मी कितीदा फलकलेखनात लिहून घेतली आहे. पण शिक्षकाच्या मानेतून तो कायदा निघाला नव्हता. त्यासाठी कुठलं राजपत्र निघत नाही. मतीन भोसले यांनी अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथं फासेपारध्यांच्या पोरांसाठी आश्रमशाळा काढली. तिचं नाव त्यांनी 'प्रश्नचिन्ह' ठेवलं. वर्तमानपत्रात ते नाव पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला प्रयोगशाळेचं दार आठवलं.

आमची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेत असते. तिचा मुलगा तिथल्या सरकारी शाळेत जातो. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ती अधूनमधून व्हिडिओ कॉल करायची. तिला मी वह्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "सर, इथं याला सस्पेन्शन म्हणतात, आणि त्याची मोजदाद होते." मग तिनं मला वाचायला पाठवायला सुरुवात केली. माझं इंग्रजी बेताचं, कोश घेऊन बसायचो. पण ते वाचन मला माझ्या वहीकडंच घेऊन आलं.

तिकडं शाळेनं पोराला घरी बसवलं की त्याचा कागद होतो, आणि तो कोणत्या वंशाचा हेही त्या कागदावर असतं. केंद्राच्या शिक्षण खात्यातलं नागरी हक्क कार्यालय हे कागद देशभरातून गोळा करतं. २०११-१२ च्या आकड्यांत गोऱ्या मुलांपैकी ५ टक्के निलंबित झाली होती, कृष्णवर्णीय मुलांपैकी १६ टक्के. सगळ्यात हादरवणारा आकडा बालवाडीचा: बालवाडीतल्या मुलांत कृष्णवर्णीय १८ टक्के, पण एकाहून जास्त वेळा घरी पाठवलेल्यांत ४८ टक्के. चार वर्षांच्या पोरानं असा काय गुन्हा केला असेल? २०१४ मध्ये तिथल्या सरकारनं शाळांना यावर मार्गदर्शन पाठवलं, २०१८ च्या डिसेंबरात पुढच्या सरकारनं ते मागं घेतलं. वाद तिकडंही आहेच. पण वाद घालायला हातात आकडा आहे.

रसेल स्किबा नावाच्या संशोधकाचा २००२ चा एक अभ्यास तिनं पाठवला. त्यानं एका मोठ्या शहरातल्या शाळांचे शिस्तीचे कागद तपासले. गोरी पोरं ऑफिसात पाठवली जात होती ती सिगारेट ओढणं, मोडतोड, न सांगता निघून जाणं यासाठी. कृष्णवर्णीय पोरं पाठवली जात होती ती अनादर, फार आवाज करणं, रेंगाळणं यासाठी. एकीकडं पोरानं काय केलं ते, दुसरीकडं बघणाऱ्याला काय वाटलं ते. मी हे वाचलं आणि उठून वही पुन्हा उघडली. माझ्या वहीत आणि त्या शहरात आठ-दहा हजार मैलांचं अंतर, पण रकाने तेच होते.

तिकडचा वंश आणि इकडची जात एक नव्हे, हे मला कळतं. गुलामगिरीचा इतिहास वेगळा, गावकुसाचा वेगळा. पण आपल्याकडं एक गोष्ट अशी आहे की ती मला जास्त खुपते. आपल्याकडं कागदच होत नाही. युडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळा-माहिती प्रणालीत, आम्ही प्रत्येक पोराचा प्रवर्ग भरतो, आधार भरतो, गणवेश मिळाला का, पुस्तकं मिळाली का भरतो. किती दिवस त्याला लिंबाखाली बसवलं, हा रकाना कुठंच नाही. म्हणून आमच्याकडं भेदभाव होतो की नाही, असा प्रश्न कुणी विचारला तर शाळा खऱ्या मनानं म्हणू शकते, आमच्याकडं कुणाला काढतच नाहीत.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा चांगला आहे. कलम १६ म्हणतं, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि आमच्याकडची छडी खरोखर कमी झाली. तिची जागा पायरीनं घेतली. हात लावायचा नाही ना, मग बाहेर बस. छडी दोन मिनिटांची असायची, पायरी दिवसभराची. आणि हा कायदा आठवीपर्यंतचा. नववीत पाऊल टाकलं की त्याची सावली संपते. स्थलांतरित मजुरांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, पण त्यांचाही भर प्राथमिकच्या मुलांवर. चौदा वर्षांचा पोरगा, अंगानं भरलेला, आईबाप फडावर: कायद्याचा हात तिथंच सुटतो, आणि तिथंच मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणून मोजायला लागतो.

डॉ. आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतलं आपलं बालपण लिहून ठेवलं आहे. बसायला वेगळं गोणपाट, ते शाळेतून घरी न्यायचं आणि रोज परत आणायचं. शिपायानं नळ उघडला तरच पाणी प्यायचं. शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. १४ एप्रिलला हे मी पोरांना दरवर्षी सांगत आलो, आणि सांगताना गळा भरून यायचा, तो खोटा नव्हता. आमच्या वर्गात गोणपाट नव्हतं. बाहेर पायरी होती, आणि तिच्यावर कोण बसतं ते मी सांगत नव्हतो, कारण पाहत नव्हतो.

सगळे नियम कुणाला डोळ्यापुढं ठेवून केलेले असतात असंही नाही. आमचा एक नियम होता, प्रार्थना सुरू झाली की गेट बंद. साधा, सगळ्यांना सारखा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा महाराष्ट्रात सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी. त्या उन्हाळ्याआधीच वस्त्यांवर टँकर सुरू झाले होते. टँकर यायचा सकाळी, आणि हंडे-घागरी घेऊन रांगेत उभ्या असायच्या पोरी. ज्यांच्या दारात बोअर होता त्यांच्या पोरी वेळेवर यायच्या. ज्यांच्या नव्हता त्यांच्या पोरी गेटबाहेर. रोज त्याच चार-पाच. तरीही आम्ही वहीत लिहीत राहिलो, 'सवयीने उशीर'. सवय कुणाची होती? टँकरची.

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मी पर्यवेक्षक होतो. मी दोन गोष्टी केल्या, फार नाहीत. पालक येईपर्यंत वर्गाबाहेर हा प्रकार बंद केला. बोलवायचं तर पालकाला फोन करायचा, पण पोरगा तोवर बाकावरच बसेल. आणि वहीत एक रकाना वाढवला: विद्यार्थ्याचं म्हणणं. ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि कारवाईचा रकाना त्यानंतर भरायचा. ही माझी अक्कल नव्हे. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये गॉस विरुद्ध लोपेझ या खटल्यात म्हटलं होतं की पोराला थोड्या दिवसांसाठी घरी बसवायचं तरी त्याच्यावर काय आरोप आहे ते त्याला सांगा, आणि त्याचं ऐकून घ्या. ओहायोतल्या कोलंबस शहरातली पोरं होती, दहा-दहा दिवस घरी बसवलेली, कुणी काही विचारलं नव्हतं. नऊ न्यायाधीशांपैकी पाच त्यांच्या बाजूनं, चार विरुद्ध. पोराचं ऐकायचं की नाही यावर एवढी मोठी माणसं विभागली जातात, हे वाचून मला माझ्या सहकाऱ्यांचा राग येईनासा झाला.

कारण त्यांचा विरोध होता, आणि तो पोकळ नव्हता. साठ-पासष्टचा वर्ग. एक तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या. "सर, प्रत्येकाचं म्हणणं लिहीत बसलो तर शिकवायचं कधी?" एक जुने सहकारी म्हणाले, "वचक ऱ्हाणार न्हाई." पहिले दोन महिने वचक राहिला नाहीच. एका वर्गात खुर्चीला फेविकॉल लावलं गेलं. मी रात्री झोपलो नाही, वाटलं आपण शाळा बुडवली. पण रकान्यात जे येऊ लागलं ते वाचून मागं फिरावंसं वाटेना.

'वर्गात झोपतो' याच्यासमोर पोरानं सांगितलं होतं, लाईट रात्रीची आहे, दोन वाजता मोटर चालू करून पाणी धरलं. 'गणवेश नाही' यापुढं: एकच आहे, धुतला तो वाळला नाही. 'मारामारी' यापुढं एका पोरीनं सांगितलेलं मी इथं लिहिणार नाही. तिच्या आईबद्दल जे बोललं गेलं होतं, ते ऐकून मीही हात उगारला असता. कधी पोरं खोटंही सांगायची, सरळ थापा. त्याही लिहिल्या. थाप मारायला तरी पोरगा आपल्यासमोर उभा राहतो.

सगळ्यात मोठा फरक मात्र शिक्षकांच्या भाषेत पडला. समोर विद्यार्थ्याचं म्हणणं लिहायचं आहे म्हटल्यावर 'माज' हा शब्द वहीतून गेला. माज यापुढं पोरगा काय म्हणणार? मग लिहिणाऱ्यालाच विचार करावा लागायचा की पोरानं नेमकं केलं काय. पुष्कळदा काहीच केलेलं नसायचं, आणि नोंद व्हायचीच नाही.

तो पारध्याचा पोरगा मला पुन्हा भेटला नाही. मी चौकशी केली. पाल उठलं होतं. कुणी म्हणालं परभणीकडं, कुणी म्हणालं पुण्याला. मी त्याला शोधायला गेलो असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी गेलो नाही.

लिंबाखालचा पोरगा भेटला. २०२३ च्या जूनमध्ये, माझं शेवटचं वर्ष सुरू होताना, ऑफिसच्या दारात एक माणूस उभा राहिला. पस्तिशीचा, अंगानं रापलेला, बरोबर दोन वेण्या घातलेली पोरगी. आठवीत नाव घालायचं होतं. मी ओळखलं नाही. दाखल्यावरचं बापाचं नाव वाचलं, तांड्याचं नाव वाचलं, आणि वर बघितलं. तो हसला. "वळखलं न्हाई ना, सर?"

मी त्याला खुर्ची दिली. त्याच खोलीत त्याच्या बापानं उभ्यानं अंगठा दिला होता. सतरा नंबरचा फॉर्म त्यानं भरला नव्हता. पुढच्याच दिवाळीला तो फडावर गेला, मग जातच राहिला. आता जोडीनं जातो. पोरगी आजीजवळ राहणार.

मी त्याला विचारलं, त्या दिवशी भांडण कशावरून झालं होतं? वीस वर्षांत पहिल्यांदा. तो थोडा वेळ गप्प राहिला. "जाऊ द्या सर. आता काय त्याचं."

मी म्हणालो, माझं चुकलं होतं. शब्द नीट निघाले नाहीत. त्यानं मान हलवली, ऐकलं की टाळलं ते कळलं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेबलावरच्या रजिस्टरकडं बोट केलं.

"माझा नंबर लिवा, सर. हिचं काई झालं, भांडली, कायबी केलं, तर मला फोन करा. मी फडावर असलो तरी फोन लागतो."

मी नंबर लिहिला. त्यानं वाकून तो वाचला, एकेक आकडा बोटानं मोजला. मग म्हणाला, "हिच्या मायचाबी लिवा. आन् मुकादमाचा. एखाद्या वक्ती रेंज नसती."

तीनही नंबर पालक संपर्काच्या रकान्यात मावेनात. मी समासात लिहिले.